वॉटर्लूच्या किनाऱ्यावरची हाक

क्रूझवरून आल्यापासून जो तो विचारतो, "बोट कशी होती?" बोट मोठी होती. सासूबाईंना पहिले दोन दिवस ती लागली, लिंबू आणि आलं यांवर काढले त्यांनी. बार्बाडोसला मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती, सेंट लुसियाला दिवसभर पाऊस. बस, एवढंच. मला सांगायचंय ते त्रिनिदादच्या गुरुवारबद्दल.

त्या दिवशी सासूबाईंचा उपवास होता. माहेर नृसिंहवाडीजवळचं, गुरुवार कधी चुकवला नाही. न्यू जर्सीहून निघतानाच मी पाहून ठेवलं होतं की पोर्ट ऑफ स्पेनपासून तासाभरावर कारापिचायमा नावाच्या गावात दत्ताचं देऊळ आहे. बोटीवरच्या सहलींत ते कुठेच नव्हतं, म्हणून बंदराबाहेर टॅक्सी ठरवली. संध्याकाळी चारच्या आत परत यायचं होतं. ती चारची वेळ दिवसभर माझ्या मानेवर बसून होती.

वाटेत घराघरांच्या अंगणात उंच बांबू, त्यांवर लाल, पिवळी, पांढरी निशाणं. "अगं, गुढ्या!" सासूबाई म्हणाल्या. टॅक्सीवाल्याने सांगितलं, ही झंडी. घरात पूजा झाली की एक लावायची. मग त्या उसाची रानं शोधू लागल्या, कारण हा सगळा मुलूख उसाचा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. पण साखरेची सरकारी कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि ऊसही गेला. सांगलीकडच्या बाईला ते ऐकून खरंच वाईट वाटलं.

दत्ताचं देऊळ थेट दक्षिणेकडच्या देवळांसारखं, रंगीत, आणि बाहेर ८५ फुटी हनुमान. सासूबाईंनी तिथे काय मागितलं ते मला माहीत नाही, पण डोळे पुसतच बाहेर आल्या.

तिथून जवळच वॉटर्लू. इथे समुद्रात देऊळ आहे. ते बांधणारा शिवदास साधू ऊसमळ्यात राबणारा माणूस. १९४७ मध्ये त्याने किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये ते पाडलं गेलं आणि त्याला चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्याने ठरवलं, जमीन कुणाची तरी असते, समुद्र कुणाचाच नाही. मग ओहोटी लागली की सायकलवरून सिमेंट न्यायचं, पिंपांत काँक्रीट भरून भर घालत जायचं. असं एकट्याने, वर्षानुवर्षं. आजचं देऊळ नंतर, १९९५ मध्ये, उभं राहिलं. दारात साधूचा पुतळा आहे. मुलाला मी हे सांगितलं तर तो गप्पच झाला, मग म्हणाला, "त्याला कुणी मदत का नाही केली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

देवळाशेजारी, अगदी पाण्याकाठी, स्मशान आहे. आम्ही पोचलो तेव्हा एक चिता जळत होती आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती. त्याच वेळी दोन मोठ्या बसमधून पर्यटक उतरले आणि त्यातल्या काहींनी सरळ फोन वर धरले. कुणाचा तरी बाप जळतोय आणि हे फोटो काढताहेत! मी एका बाईला म्हटलं, प्लीज नको. तिने खांदे उडवले. तो राग अजून गेलेला नाही.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मागून लहान मुलीची हाक आली, "आजी!" सासूबाई झटकन वळल्या. मीही वळले. आमची लेक तर माझा हात धरून चालत होती. हाक होती दुसऱ्याच आजीला, ओढणी घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना.

त्या बाईंना हिंदी येत नव्हतं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मध्ये मी. त्या म्हणाल्या, आमच्यात बापाची आई ती आजी, आईची आई ती नानी; आणि आजोबा म्हणजे आजा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात दोघी आज्याच. आजा आमच्याकडेही म्हणतात, सांग त्यांना." गाव कुठलं, हे विचारल्यावर त्या बाई समुद्राकडे बघत राहिल्या. पणजोबा कलकत्त्याहून बोटीने आले, एवढंच त्यांना ठाऊक. गिरमिटियांची, म्हणजे करारावर मळ्यांत राबायला आणलेल्या मजुरांची, पहिली बोट ३० मे १८४५ ला इथे लागली, तीन महिन्यांहून जास्त प्रवास करून. १९१७ पर्यंत लाखाहून अधिक माणसं अशी आली. "तीन महिने बोटीवर?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या बाईंचा हात धरला. तो बराच वेळ सोडला नाही. मी घड्याळ बघत होते, याची मला लाज वाटते. अर्धा तास आणखी थांबलो असतो तर काहीही बिघडलं नसतं.

निघताना त्या आजींनी खाकी कागदाची छोटी पिशवी हातात ठेवली. परसाद. आत तुपात भाजलेला पिठाचा गोड लगदा, बेदाणे घातलेला. "हा तर आपला शिराच," सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं. उपवास आहे म्हणून मी थांबवायला गेले. म्हणाल्या, "प्रसादाला कसला गं उपवास?"

बंदराच्या फाटकावर कळलं, बाहेरचं खाणं बोटीवर नेता येणार नाही. मग आम्ही पाचही जण तिथेच, रांगेच्या बाजूला उभे राहून, एकाच पिशवीतून तो शिरा खाल्ला. मुलांनी बोटं चाटली. रिकामी पिशवी सासूबाईंनी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली.