झिंक मागितलं आणि टॉनिक पुढं आलं

आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब. साताऱ्यात केसपेपर, तपासणी, चिठ्ठी हे पटापट उरकलं. घोडं अडलं ते पोवई नाक्यावरच्या एका मेडिकलात.

चिठ्ठीवर दोनच औषधं होती: ओआरएस आणि झिंक २० मिलिग्रॅम, रोज एक, १४ दिवस. काउंटरवर आधी आली मल्टिव्हिटॅमिनची ड्रॉप्स. "यात झिंक आहेच की, वर भूकपण लागंल." बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली, तर झिंक नावापुरतं. ती परत केली. मग सिरप आलं, "सेमच आहे, कंपनी वेगळी." सेम कसलं? ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅमवालंही मिळतं आणि २० वालंही. चिठ्ठी २० ची आणि बाटली १० ची, तर डोस निम्मा. ओआरएस म्हणून गोड सरबताचा टेट्रापॅक पुढं केला, तो वेगळाच. जादा साखरेनं जुलाब वाढतात, हे मेडिकलवाल्याला आपण सांगायचं! शेवटी विरघळणाऱ्या गोळ्या खालच्या खणातून निघाल्या. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात खाली.

गोळी चमचाभर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायची, मिनिटभरात विरघळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धीच, म्हणजे १० मिलिग्रॅम. चव धातूसारखी लागते, बाळ तोंड वाकडं करतंच. अर्ध्या तासाच्या आत उलटून टाकली तर पुन्हा द्यायची. जुलाब थांबले म्हणून गोळ्या बंद करू नका. आतड्याचं अस्तर भरून यायला १४ दिवस पुरे करावे लागतात, आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागण्याची शक्यताही कमी होते.

ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यात. कपात थोडी-थोडी पूड टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. छोटी पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, वाचून घ्या. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, तेही चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. उरलेलं २४ तासांनी ओतून टाका. अंगावरचं दूध आणि मऊ भात चालूच ठेवायचा.

शीमध्ये रक्त, टाळू खोल जाणं, सहा तास लघवी नाही, बाळ मलूल: यातलं एक जरी दिसलं तरी चमचा-वाटी ठेवून थेट दवाखाना.

आणि हो, ओआरएस-झिंक दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. मेडिकलात हुज्जत घालण्याआधी आशाताईंना फोन करा.