नाशिक ते जैसलमेर: साडेसहा तासांच्या रेससाठी नऊ दिवस

घरून निघाल्यापासून परत दारात पिकअप लागेपर्यंत नऊ दिवस गेले. त्यातले घड्याळ लावून बाइक पळवायचे तास मोजले तर जेमतेम साडेसहा. बाकीचा वेळ पट्टे आवळण्यात, डिझेल भरण्यात, कागद घेऊन रांगेत उभं राहण्यात आणि फिल्टर धुण्यात गेला. "तुझं बरंय, नुसतं फिरायचं आणि गाड्या उडवायच्या" असं म्हणणाऱ्या मित्रांना मी हल्ली हा हिशेब ऐकवतो.

या वेळी जैसलमेरजवळ तीन दिवसांची क्रॉस-कंट्री रॅली होती. मी प्रायव्हेटियर, म्हणजे कंपनीची टीम नाही, ट्रक नाही, खिसा स्वतःचा. सोबतीला गॅरेजवाले मामा. ते नात्याने माझे कुणी नाहीत, पण नाशिकच्या निम्म्या डर्टवाल्या पोरांचे ते मामाच. बाइक हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, रॅलीच्या सस्पेन्शनची: पुढे २५० मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे चाक वरखाली हलायची जागा), मागे २२०. ताकद एकोणीस पीएसला किंचित कमी. वाळूत ही ताकद तोकडी पडते, पण सुटे भाग कुठेही मिळतात आणि पडली तर एकट्याला उचलता येते. पहिल्या दोन-तीन रॅलींसाठी महागड्या आयात बाइकपेक्षा मी हाच सल्ला देईन.

बाइक पिकअपमध्ये चढवणं हे सोपं काम वाटतं, आणि माझा पहिला घोटाळा तिथेच झाला. पुढचं चाक हौद्याच्या केबिनकडच्या भिंतीला टेकवायचं, हँडलच्या खालच्या बाजूने दोन रॅचेट पट्टे पुढे दोन्ही कोपऱ्यांत ओढायचे, मागचं चाक वेगळं बांधायचं. पट्टे आवळताना पुढचं सस्पेन्शन साधारण निम्मं दबलं की थांबायचं. मी पेठच्या घाटाच्या भीतीने पूर्ण खाली दाबून टाकलं. हजार किलोमीटर तसंच दबून राहिलं की ऑइल सील फुटलंच म्हणून समजा. मेहसाण्याला मुक्कामी पोहोचलो तर डाव्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळीवर, तेलाची रेघ. मामा काही बोलले नाहीत. पिशवीतून जुन्या एक्स-रेची कापलेली पट्टी काढली, सीलच्या कडेत सरकवून गोल फिरवली आणि अडकलेली घाण बाहेर ओढली. गळती थांबली. मग म्हणाले, "भाऊ, लाकडाचा ठोकळा कशाला दिला होता तुला?" तो ठोकळा पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसवायचा असतो, म्हणजे कितीही आवळलं तरी फोर्क एका मर्यादेपुढे दबत नाही. ठोकळा माझ्या सीटखाली होता.

रेल्वेने बाइक पाठवणारेही आहेत. त्यात टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाटात पॅकिंग करावं लागतं, आणि बाइक तुमच्याच गाडीने येईल याचा भरवसा नसतो. रेसच्या तारखा ठरलेल्या असताना तो जुगार मी खेळत नाही.

आमचा रस्ता असा: नाशिकहून पेठ, कपराडा करत पारडीला महामार्गाला लागायचं, मग सुरत, भरूच, वडोदरा, अहमदाबाद, मेहसाणा. तिथे झोप. दुसऱ्या दिवशी डीसा, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. एकूण हजारेक किलोमीटर. एका दमात जाणारे जातात, पण रॅलीच्या आधी एक रात्र जागून काढली की तिसऱ्या दिवशी ती वसूल होते. गुजरातेत दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेट्रोल आपल्यापेक्षा आणि राजस्थानपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त, तेव्हा बाइकसाठीचं तिथेच भरून घ्या, पण टाकीत. कॅन घेऊन टोलनाक्यावर वाद नकोत. आणि दारूबंदी आहे. परतीच्या वाटेवर "एखादी बाटली घेऊन जाऊ" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच उतरवा. राजस्थानातून गुजरातेत शिरताना हौद्यातला प्रत्येक बॉक्स उघडून बघतात, आणि आमच्याकडे बॉक्स अकरा होते.

बाइकचे आरसे, इंडिकेटर, कधी नंबर प्लेटही रॅलीसाठी काढलेली असते. त्यामुळे ती हौद्यात बघून पोलीस थांबवणारच. आरसी, विमा, पीयूसी आणि आयोजकांचं एंट्रीचं पत्र एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. आम्हाला दोनदा थांबवलं. दुसऱ्या वेळी हवालदार साहेबांनी बाइकवर बसून फोटो काढून घेतला.

बाडमेरनंतरचा रस्ता सरळसोट आणि रिकामा. म्हणूनच धोक्याचा. दिवस मावळला की गाई आणि उंट डांबराच्या उबेला येऊन उभे राहतात. उंटाचे पाय बारीक, अंग हेडलाइटच्या वर. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उजेडात पोहोचा.

जैसलमेरला पहिला दिवस मोकळा ठेवला होता, तो कामी आला. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स, वैद्यकीय प्रमाणपत्र, रक्तगट, हेल्मेट-बूट-चेस्ट गार्डची तपासणी, मग बाइकची स्क्रुटिनी, म्हणजे तांत्रिक तपासणी. रांगेत माझ्या पुढच्या पोराचं हेल्मेट नाकारलं. भारी दिसणारं होतं, पण आतलं प्रमाणपत्राचं लेबल त्याने टोचतं म्हणून कापून टाकलेलं. संध्याकाळभर तो उसनं हेल्मेट शोधत फिरला. लायसन्सचं काम तर घरूनच, महिनाभर आधी उरका.

आता रोडबुकबद्दल, कारण आपल्याकडच्या डर्ट ट्रॅकवर वाढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त तेच छळतं. ट्रॅकवर दोरी असते, वळण पाठ होतं. इथे हँडलवर वाट सांगणारी कागदाची गुंडाळी आणि तिच्यात तीन रकाने: अंतर, छोटं चित्र, सूचना. या चित्रांना ट्यूलिप म्हणतात, हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून आलेलं नाव. सूचना फ्रेंच आद्याक्षरांत. 'एचपी' म्हणजे वाट सोडून, 'टीडीएसपीपी' म्हणजे मुख्य वाटेने सरळ, 'कॅप' म्हणजे होकायंत्राचे अंश. एक उद्गारचिन्ह असेल तर सावध, दोन असतील तर वेग उतरवा, तीन असतील तर जीव वाचवा. आदल्या रात्री रंगीत पेनं घेऊन बसायचं: धोके लाल, कॅप बदलते तिथे निळा. मी दोन तास बसलो. खोलीतला दुसरा रायडर वीस मिनिटांत झोपला आणि दुसऱ्या दिवशी तीन उद्गारचिन्हांवर सापडला. नशिबाने मनगटावर निभावलं.

रॅलीच्या पहिल्या दिवशी जमीन दगडाळ, आपल्या मुरमाच्या जवळची. मजेत गेला. दुसऱ्या दिवशी वाळू.

नाशिककर म्हणून माझा वाळूचा सराव गिरणेच्या कोरड्या पात्रातला. तो उपयोगी पडला, पण पात्रातल्या वाळूला उतार नसतो. वाळूच्या टिब्ब्याला, म्हणजे टेकडीला, दोन अंगं असतात: वाऱ्याकडचं लांब आणि घट्ट, पलीकडचं उभं आणि भुसभुशीत. वाऱ्याकडून चढायचं, गॅस धरून ठेवायचा, माथा आला की सोडायचा आणि पलीकडे काय आहे ते बघूनच उतरायचं. उतरताना पुढचा ब्रेक विसरायचा. थांबायचंच असेल तर तोंड उताराकडे करून, नाहीतर बाइक ॲक्सलपर्यंत रुतते आणि उकरताना जे पाणी घामात जातं ते दिवसभर भरून येत नाही. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते, सावल्या लांब असतात, चढउतार कळतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सगळं एकाच रंगाचं दिसतं. माझी दोन्ही पडणी बारा ते दोनच्या मधली.

टायरची हवा मी तेरा पीएसआयपर्यंत उतरवली होती. एवढी कमी ठेवायची तर रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प, हवाच, नाहीतर रिमवर टायर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. चेनला मात्र चिकट वंगण लावू नका. वाळू चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

बत्तीसाव्या किलोमीटरला मी नवशिक्याची सगळ्यात जुनी चूक केली. समोर टायरची ताजी खूण दिसली आणि रोडबुक सोडून तिच्या मागे गेलो. चुकलेल्या माणसाचीही खूण ताजीच असते, हे सुचलं नाही. पवनचक्क्या खूण म्हणून धरल्या, पण जैसलमेरच्या भोवती त्या इतक्या आहेत की कुठेही गेलं तरी समोर पवनचक्कीच. तीन किलोमीटर पुढे एका खडिनात उतरलो. खडीन म्हणजे पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि ते मुरल्यावर त्याच ओलीवर रब्बीचं पीक घ्यायचं, इथल्या पालीवाल ब्राह्मणांच्या काळापासूनची पद्धत. हरभरा उभा होता. कडेला शेळ्या राखणारे एक बाबा. मी इंजिन बंद करून राम राम केला, त्यांनी काही न विचारता काठीने मागचा रस्ता दाखवला. माझ्या आधी दोघं येऊन गेले होते म्हणे.

अशा वेळी अंदाजाने आडवं कापायचं नाही. शेवटची नक्की ओळखलेली खूण गाठायची, अंतर मोजणारं ट्रिप मीटर रोडबुकातल्या तिथल्या आकड्यावर आणायचं आणि परत सुरुवात. मी तेच केलं, पण वीस मिनिटं गेली. बरं, शेतातून बाइक घालायची नाही ही गोष्ट नियमात आहे म्हणून नाही, तर पुढच्या वर्षी त्याच गावातून वाट मागायची असते म्हणून पाळा.

संध्याकाळी तंबूंपाशी आल्यावर झोपावंसं वाटतं, पण खरं काम तेव्हाच असतं. मामांचा क्रम ठरलेला: आधी एअर फिल्टर, मग स्पोक, मग चेन, मग नटबोल्ट, शेवटी चहा. तेल लावून ठेवलेले तीन फिल्टर नेले होते, रोज एक. फोमचा फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, त्याचे जोड सुटतात. रॉकेल किंवा डिझेल, मग साबणाचं पाणी, पूर्ण वाळवून मग तेल. इंजिनात चमचाभर वाळू गेली तर पिस्टनचा खर्च एंट्री फीच्या वर जातो.

खाण्याचं मी घरचंच धरतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या चार दिवस टिकतात. रेसच्या सकाळी नवं काही खायचं नाही. तिथली केरसांगरीची भाजी आणि घोटुवा लाडू शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीत दोन लिटर, त्यात इलेक्ट्रॉल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी घाम आणि रात्री दात वाजवणारी थंडी, दोन्हीची तयारी हवी. मी पातळ स्लीपिंग बॅग नेली आणि दोन रात्री रायडिंग जॅकेट घालून झोपलो.

रात्री शेकोटीपाशी बोलणं फिरून फिरून डकारवरच, जगातल्या सगळ्यात खडतर मानल्या जाणाऱ्या रॅलीवरच, येतं. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. मुंबईचे आशिष रावराणे २०२१ ला तिथे उतरले. हरिथ नोआने २०२४ मध्ये रॅली-२ हा दुसऱ्या फळीचा गट जिंकला, एकूणात अकरावा. पण २०२१ ला संतोषचा जो अपघात झाला, डोक्याला मार लागून रियाधच्या रुग्णालयात कोमात ठेवावं लागलं, त्याच्याबद्दल सगळे हळू आवाजात बोलतात. म्हणून एक रुक्ष गोष्ट. तुमच्या बाइकचा नेहमीचा विमा स्पर्धेत लागू होत नाही, पॉलिसीत तसं छापलेलं असतं. आरोग्य विम्यातही व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळात भाग घेतला तर उपचाराचा खर्च मिळत नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नावानिशी आहे. आयोजकांचं अपघात संरक्षण किती रकमेचं आहे ते फी भरण्याआधी लेखी विचारा. मी पहिल्या दोन वर्षांत विचारलं नव्हतं. माझं मनगट मोडलं तेव्हा कळलं, आणि बिल वडिलांनी भरलं.

तिसऱ्या दिवशी फारसं सांगण्यासारखं घडलं नाही, आणि रॅलीत ही चांगली बातमी असते. गटात मधोमध आलो. वीस मिनिटं हरवलो नसतो तर तीन जागा वर असतो. पण मग ते तिघंही कुठे ना कुठे हरवलेच होते.

खर्चाचं विचाराल तर जाण्यायेण्याचं डिझेलच सोळा हजारांच्या घरात गेलं. शेजारच्या गावातले दोघं रायडर मिळून एक पिकअप केलात तर ते निम्म्यावर येतं, आणि दुसरा माणूस चालवायलाही मिळतो. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे. परतताना डीशाच्या पुढे मी दोनदा पेंगलो आणि मामांनी किल्लीच काढून घेतली.

नवव्या दिवशी रात्री नाशिक. बाइक उतरवली तर सीटखालून ओंजळभर वाळू अंगणात पडली. जर्सी आणि पँट मात्र आधी बादलीत तीन पाणी खळबळून घ्या, मगच मशीनमध्ये टाका. आमच्या मशीनचा पंप बदलावा लागला, आणि तेव्हापासून माझे रॅलीचे कपडे घरात घ्यायचे नाहीत असा आईचा हुकूम आहे.