पारसिकच्या टेकडीवर, वाराईच्या हिशोबासह

ठाणे ते बेलापूर या लोकल प्रवासाविषयी एवढेच सांगतो, की तुर्भ्यापर्यंत आम्ही दोघेही उभे होतो. पुढे पारसिक टेकडीवर यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिल्यावर चौथ्याने मागितले तेवढे पैसे मी निमूटपणे दिले. वाशीच्या बाजारात ३२ वर्षे माथाडी म्हणून, वाराईवर म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवर, गोण्या वाहिलेल्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आकाशातला ठिपका पाहण्यासाठी रिक्षाचे भाडे भरणे मुळीच पटलेले नव्हते.

सूर्यास्तानंतर तासाभराने वायव्येकडून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक वर आले. विमानासारखे न लुकलुकता शांतपणे सरकत होते. ‘‘यांना शिधा कोण पोचवतं?’’ आण्णांनी विचारले. मी हौसेने सांगू लागलो, की जानेवारी १९७८ मध्ये साल्युत-६ या सोव्हिएत स्थानकाकडे प्रोग्रेस या मालवाहू यानाची पहिली फेरी झाली आणि आजची प्रोग्रेस याने सुमारे अडीच टन अन्न, पाणी, इंधन घेऊन चारशे किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या स्थानकाला, आत माणूस नसताना, कुर्स नावाच्या रेडिओ यंत्रणेच्या आधाराने स्वतः जाऊन जोडली जातात.

‘‘ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. मग गाडी खाली कोण करतं?’’

जोड हवाबंद आहे याची खात्री झाली की झडप उघडून अंतराळवीरच हातांनी एकेक पिशवी काढतात, हे ऐकून ते माझ्याकडे वळले. ‘‘तिथं वजन लागत नाही म्हणतोस, मग हमाली कसली?’’ शंभर किलोची पिशवी बोटाने ढकलता येते, पण एकदा सुटली की थांबवायला जोर लावावाच लागतो, असे मी म्हटले. त्यावर त्यांनी कठड्याला दोन्ही तळवे टेकवले, उजवा पाय मागे रोवला आणि खांदा किंचित खाली घेतला. ‘‘उतारावर सुटलेली हातगाडी अशी अडवायची. मनगटावर घेतलीस तर मनगट जातं.’’ त्यांच्या तळव्यांवरचे घट्टे मी इतक्या जवळून फार वर्षांनी पाहिले.

रिकाम्या प्रोग्रेसमध्ये कचरा भरून ती वातावरणात जाळतात आणि उरलेसुरले तुकडे दक्षिण प्रशांत महासागरात पडतात, हे मात्र त्यांना अजिबात आवडले नाही. ड्रॅगन यान परतीचा माल घेऊन समुद्रात उतरते, असे सांगितल्यावर ते थोडे निवळले. तेवढ्यात स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरून विझले. जेमतेम सहा मिनिटांच्या त्या दर्शनातली निम्मी मिनिटे मी बडबडण्यात घालवली होती.

परतीला रिक्षा मिळाली नाही. अर्धी टेकडी उतरल्यावर आण्णा थांबले.

‘‘त्यांना वाराई वेगळी मिळते, का पगारातच धरतात रे?’’