चौथी येईपर्यंत

लडाखचे सहा दिवस फार सुंदर गेले आणि त्यांच्याविषयी मी येथे जवळजवळ काहीच लिहिणार नाही. पँगाँगचे निळे पाणी, खारदुंग ला, हेमिसचा मठ यांची छायाचित्रे वाचकांनी इतरांकडे पुष्कळ पाहिली असतील. मला लिहायचे आहे ते दिल्लीच्या विमानतळावर, विमानाच्या अगदी पुढ्यात उभ्या असलेल्या एका बसमध्ये गेलेल्या ३५ मिनिटांविषयी, कारण त्या बसमध्ये मी एक वाक्य बोललो आणि ते अजून मला खटकते.

२०२४ चा जून होता. मी, माझी पत्नी आणि माझे मामा असे आम्ही तिघे होतो. मामा विटा आगारातून एसटीचे वाहक म्हणून निवृत्त झाले असून आदल्या रात्रीचा मुंबई-दिल्ली प्रवास हा त्यांच्या आयुष्यातला पहिला विमानप्रवास होता. लेहचे विमान पहाटे ५.५० चे होते. लेहची विमाने सकाळीच का असतात, हे मला तिकीट काढताना ठाऊक नव्हते, आणि तीनला उठावे लागणार म्हणून मी यथेच्छ कुरकुर केली होती. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या मधल्या अरुंद खोऱ्यात आहे. तिथली हवा आधीच विरळ असते, ऊन चढले की ती आणखी विरळ होते आणि विमानाला हवा तेवढा उठाव मिळत नाही. शिवाय दुपारकडे खोऱ्यातला वारा बिथरतो. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस लेहमध्ये पारा तिशीच्या वर गेल्यामुळे काही दिवस विमानेच रद्द करावी लागली, म्हणजे आमचे नशीब चांगलेच म्हणायचे. सांगायचा मुद्दा एवढाच की, इतर ठिकाणी तासभर उशीर म्हणजे तासभर उशीर असतो, तर लेहच्या बाबतीत उशीर वाढत गेला तर विमानच जात नाही, आणि ही गोष्ट बसमधल्या निम्म्या लोकांना माहीत होती.

विमान सुटण्याच्या वेळेआधी २५ मिनिटे गेट बंद होईल, असे बोर्डिंग पासवर छापलेले असल्यामुळे आम्ही मामांचा गुडघा सांभाळत जवळजवळ धावतच पोहोचलो होतो. बसमध्ये बसलो, बस विमानापाशी गेली, थांबली, आणि दारे उघडलीच नाहीत. विमानाला शिडी लावलेली होती आणि शिडीच्या वरचे विमानाचे दार उघडे होते. आत निळ्या गणवेशातल्या दोन मुली उभ्या दिसत होत्या, सामान भरून झाल्याचे दिसत होते, आणि तरीही आम्ही काचेआड उभेच. दिल्लीतली जूनमधली पहाट ही नावालाच पहाट असते. एका लहान मुलाने रडायला सुरुवात केली आणि त्याच्या आईने सर्वांच्या वतीने दार ठोठावले.

अखेर पिवळे जाकीट घातलेला एक तरुण आत डोकावला आणि एक केबिन क्रू कमी आहे, दुसरी येत आहे, असे त्याने हिंदीत सांगितले. त्यावर मी मोठ्याने म्हणालो, ‘‘आम्हाला चहा नको, सँडविच नको, एक पोरगी कमी असली तर बिघडलं कुठं? तुम्ही निघा!’’ ते हिंदीत म्हणाल्यामुळे सगळ्या बसला कळले. लोक हसले, एकाने टाळी दिली, आणि खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. तो तरुण मात्र हसला नाही. मानही न हलवता तो खाली उतरला आणि वॉकीटॉकीवर कुणाशी तरी वाद घालू लागला. ‘‘चौऱ्याण्णव नाही, सदुसष्ट, सदुसष्ट,’’ असे काहीतरी तो बोलत होता. मला वाटले, आसनांचे क्रमांक असतील.

मामांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘वाहक नसला तर गाडी डेपोतनं निघते का रे?’’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘‘मामा, आता विनावाहक गाड्या आहेत की.’’ ‘‘त्या आहेत,’’ मामा म्हणाले, ‘‘पण ज्या गाडीला वाहक लावलाय, ती त्याच्यावाचून हलत नाही. आणि वाहक काय तिकीट फाडायलाच असतो का?’’ पुढे ते काही बोलले नाहीत, पण खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मामा जेव्हा न बोलता बाहेर बघतात तेव्हा समोरच्याने आपण काय बोललो ते आठवून बघावे, असा आमच्या घरात जुना अनुभव आहे.

घरी परतल्यावर मी याविषयी शोधून वाचले. आपल्याकडच्या नियमानुसार विमानातील केबिन कर्मचाऱ्यांची संख्या आसनांवरून ठरते, बसलेल्या प्रवाशांवरून नव्हे. ढोबळमानाने दर ५० आसनांमागे एक. आमचे विमान १८० आसनांचे होते, म्हणून त्यावर चौघे हवेत, मग त्या दिवशी विमान अर्धे रिकामे असो किंवा एकाही प्रवाशाने चहा न मागो. त्या जातीच्या विमानाला पुढे दोन आणि मागे दोन अशी चार मोठी दारे असतात, पंखांवरच्या लहान आपत्कालीन वाटा वेगळ्या. विमानाची नवी जात तयार होते तेव्हा तिची चाचणी घेताना पूर्ण भरलेले विमान, निम्म्याच वाटा वापरून, ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. प्रसंग आला तर ती दारे उघडून लोकांना बाहेर काढणे हे त्या चौघांचे खरे काम; चहा आणि सँडविच हे बाकीचा वेळ घालवायचे काम आहे, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला एक पांढरी मोटार येऊन शिडीपाशी थांबली आणि तीतून एक मुलगी उतरली. एका हाताने चाकाची बॅग ओढत आणि दुसऱ्या हाताने छातीवरचा नावाचा बिल्ला लावत ती पायऱ्या चढून गेली. आमच्या बसमधून कुणीतरी उपहासाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, एवढेच स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. आणखी थोड्या वेळाने बसची दारे उघडली आणि आम्ही वर गेलो. तीच मुलगी दारात हात जोडून उभी होती.

मामा थांबले. ‘‘बाळ, बिल्ला वाकडा लागलाय,’’ ते सरळ मराठीत म्हणाले, कारण बिल्ल्याच्या बाबतीत त्यांना दुसरी भाषा सुचतच नाही. त्या मुलीने खाली पाहिले, बिल्ला सरळ केला आणि म्हणाली, ‘‘बरं झालं सांगितलंत काका, इन्चार्ज मॅडमनी बघितलं असतं तर ओरडल्या असत्या.’’ ती तासगावची निघाली. मागून रांग ढकलत होती, म्हणून आम्ही पुढे सरकलो.

गुडघ्यासाठी जादा पैसे भरून मामांना पहिल्या रांगेत जागा घेतली होती आणि त्यांच्या शेजारी मार्गिकेकडेला मी होतो. तिथून दाराजवळची कर्मचाऱ्यांची घडीची आसने तिरकी दिसतात. विमान जागचे हलू नये म्हणून चाकांखाली लावलेल्या उट्या काढल्या तेव्हा माझ्या घड्याळात ६.३७ झाले होते. तिकिटावरची वेळ ही विमान उडण्याची नसून जागेवरून हलण्याची असते, हेही मला तोवर माहीत नव्हते, आणि तिच्यानंतर १५ मिनिटांच्या आत हलले तर ते हिशेबात वेळेवरच धरतात. आम्ही ४७ मिनिटे उशिरा होतो, त्यामुळे त्या सवलतीत बसत नव्हतो, आणि इतक्या छोट्या प्रवासाला खाणे देणे कंपनीवर दोन तासांच्या उशिरानंतर बंधनकारक होते, त्यामुळे त्यातही बसत नव्हतो.

विमान धावपट्टीवर वळले. तासगावची मुलगी पाठ ताठ टेकून, दोन्ही तळहात मांड्यांखाली घेऊन बसली होती. तिची नजर समोर, पण कशावरही नव्हती, आणि ओठ अगदी थोडे हलत होते. इंजिनांचा आवाज चढला, विमान पळू लागले, आणि तिचे ओठ हलतच राहिले. मामांनी माझ्या दंडाला स्पर्श केला आणि हळूच म्हणाले, ‘‘पोरगी रामरक्षा म्हणतीय.’’ मला ते खरे वाटले. इतक्या वेळा उडणाऱ्या माणसालाही भीती वाटते म्हणजे आपण काय, असे वाटून मी स्वतःही हात जोडले.

चहा येईपर्यंत पाऊण तास गेला असेल. कागदी पेल्यात गरम पाण्यावर भुकटी ढवळून केलेला तो चहा मामांनी अर्धाच प्याला आणि काही न बोलता ठेवून दिला. ही त्यांची सभ्यता. मग ते पुढच्या प्रसाधनगृहासाठी उठले आणि तिथेच त्या मुलीला त्यांनी विचारले, रामरक्षा रोज म्हणतेस का? ती आधी गोंधळली, मग तोंडावर हात धरून हसली. ‘‘नाही हो काका, तो आमचा सायलेंट रिव्ह्यू असतो. उडताना आणि उतरताना मनातल्या मनात उजळणी करायची. माझं दार कुठलं, हँडल कुणीकडं फिरवायचं, बाहेर आग असली तर कुठल्या दारानं काढायचं, मदतीला कुणाला उठवायचं. पहिल्या रांगेतला कोण धडधाकट आहे तेही बघून ठेवायचं.’’ इथे तिने माझ्याकडे पाहिले. मामांकडे पाहिले नाही. मला त्या क्षणी बसमधले माझे वाक्य आठवले आणि हातातला पेला कुठे ठेवावा ते कळेना.

मग थोडे बोलणे झाले. ही जिच्या जागी आली, ती मूळची मुलगी दुसऱ्या विमानातून यायची होती, ते विमान रखडले आणि पुढे तिचे ड्युटीचे तास संपत होते. ही रात्री एकपासून विमानतळावरच्या खोलीत राखीव बसून होती. बोलावणे आल्यावर श्वासचाचणी झाली, कॅप्टनच्या सूचना झाल्या, मग मोटार मिळाली. (श्वासचाचणीपायी ही माणसे मद्यार्क असलेल्या द्रवाने साधी चूळही भरू शकत नाहीत.) चौऱ्याण्णव आणि सदुसष्ट हे उशिराच्या कारणांचे जगभर चालणारे क्रमांक निघाले. चौऱ्याण्णव म्हणजे केबिन कर्मचारी दुसऱ्या विमानातून यायचे आहेत, सदुसष्ट म्हणजे ते कमी पडले आहेत. ‘‘कोणाच्या नावावर उशीर टाकायचा, त्याचं भांडण असतं ते,’’ ती म्हणाली. मामा एकदम खुलले. ‘‘आमच्यातबी हेच! गाडी लेट झाली की वर्कशॉप म्हणणार वाहतूक शाखेमुळं, वाहतूकवाले म्हणणार वर्कशॉपमुळं.’’

भत्ता कसा मिळतो, हेही मामांनीच विचारले, कारण अशा गोष्टी एका वाहकाने दुसऱ्या वाहकाला विचारायच्या असतात. उड्डाणभत्ता विमान जागेवरून हलल्यापासून पुढच्या जागी थांबेपर्यंतच्या तासांवर, असे तिने सांगितले. बसमध्ये आम्ही तिला शिव्या देत होतो, त्या वेळात तिचे घड्याळ सुरूच झाले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या १०,००० हून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी जमिनीवरच्या याच कामाच्या मोबदल्यासाठी संप केला, तेव्हा ती बातमी मी शेवटपर्यंत वाचली. एरवी पान उलटले असते.

‘‘लेह बघितलंस का गं?’’ मामांनी निघताना विचारले. ‘‘आठ-नऊदा आले काका. पण शिडीखाली उतरले नाही. लगेच परत फिरायचं असतं.’’ मामा म्हणाले, ‘‘मी महाबळेश्वरला किती फेऱ्या केल्या असतील. बघितला तो स्टँड.’’ एवढ्यात कॅप्टनची सूचना आली, खाली बर्फाची शिखरे दिसू लागली आणि ती लगबगीने जाऊन बसली. तळहात मांड्यांखाली, ओठ हलत. या वेळी मी हात जोडले नाहीत. मी माझ्या जवळचे दार कुठे आहे ते बघून ठेवले.

सहा दिवसांनी लेहच्या प्रतीक्षागृहात परतीच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. वेळ होऊन गेली होती आणि लोक घड्याळे दाखवू लागले होते. मामा काचेजवळ जाऊन उभे राहिले. विमान आले, उतारू उतरले, आणि थोड्या वेळाने निळे गणवेश दारात ये-जा करताना दिसू लागले. मामांनी बोट काचेला लावून मोजले.

‘‘एक, दोन, तीन,’’ आणि मग बराच वेळ थांबून, ‘‘ती बघ, चौथी. चला, उठा, गाडी सुटतीय.’’