लगड, पुरसिस आणि दहा हजार रुपये

मे 2022. मावसभावाचं लग्न इचलकरंजीला होतं, म्हणून दोन रात्री घर बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत वारणालीला परतलो, तर कोयंडा कुलपासकट लोंबत होता. आईच्या पाटल्या, बोरमाळ आणि बायकोचं गंठण, मिळून साडेआठ तोळे गेले. देव्हाऱ्यातला चांदीचा करंडा मात्र तिथंच, नुसतं कुंकू खाली सांडलेलं.

श्वान पथक, ठसेवाले, पंचनामा हे सगळं पेपरात वाचतो तसंच झालं. फिर्याद देताना मी एक घोळ घातला, तो मात्र सांगायला हवा. दागिन्यांची किंमत विचारल्यावर मी पावतीवरचे आकडे सांगितले. पाटल्यांची पावती 1998 ची! सव्वीस-सत्तावीस महिन्यांनी भरपाईचा विषय निघाला तेव्हा कागदावर तोच आकडा होता. पावती जपून ठेवली याचं कौतुक झालं, पण किंमत त्या दिवशीच्या बाजारभावानं लिहून घ्यायला हवी होती.

पाच महिन्यांनी दोघं पकडले गेले. कपाटाच्या आरशावरचा ठसा त्यातल्या एकाशी जुळला. सोनं ज्याला विकलं होतं त्याच्याकडून जप्त झालं, पण दागिने म्हणून नव्हे, लगड (आटवून केलेला गोळा) म्हणून. 62 ग्रॅमची, काळपट, एका कडेला फुगलेली. आई बघून म्हणाली, "हे तर गुळाचा खडा दिसतंय की रे."

त्या खड्यात तीन घरांचं सोनं होतं. आमचं, कुपवाडच्या एका आजोबांचं आणि मिरजेच्या एका बाईंचं. आम्ही तिघं एकमेकांना पहिल्यांदा भेटलो ते विजयनगरला कोर्टाच्या व्हरांड्यात, एकाच बाकावर. आधी जरा अवघडल्यासारखं झालं. प्रत्येकाला वाटणार, लगड माझीच. आजोबांनीच कोंडी फोडली. "भांडून काय होणार हो, वकिलांचीच दिवाळी," म्हणाले. मग आमच्या वकिलांनी तिघांची मिळून पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) तयार केली, फिर्यादीतल्या वजनाच्या प्रमाणात वाटून घ्यायला आमची हरकत नाही म्हणून. मुद्देमाल परत मिळण्याच्या अर्जाला ती जोडली. सोबत सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा 2002 चा निकाल. मौल्यवान वस्तू पोलीस ठाण्यात पडू देऊ नका, पंचनामा आणि फोटो करून मालकाला द्या, असं त्यात स्पष्ट आहे. सरकारी वकिलांचं म्हणणं आलं, मूल्यांकन झालं, पंचांसमोर लगड कापली. आमच्या वाट्याला 28 ग्रॅम.

पण हे सोनं आपलं असून आपलं नव्हे. बंधपत्र लिहून द्यावं लागतं: विकणार नाही, आटवणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करीन. वर जामीनदार. माझा एक वर्गमित्र सात-बारा घेऊन आला आणि पुढं दोन वर्षं जेवायला भेटला की विचारायचा, "माझी जमीन सुटली का रं?"

आता भरपाई. इथं मी आधी चुकीच्या दारात गेलो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पीडितांना भरपाई मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की महाराष्ट्राची 2014 ची योजना मृत्यू, शारीरिक इजा, ॲसिड हल्ला, बलात्कार अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी आहे. सोन्यासाठी नाही.

मग उरलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 357. गुन्हा 2022 चा, खटला आधीच उभा होता, त्यामुळे आम्हाला तेच लागू. वकिलांनी ते चहाच्या टपरीवर समजावलं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत कामाचा भाग. आरोपीला दंड झाला, तर त्या दंडातूनच भरपाई देता येते. आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तेव्हाच्या कायद्यानं 10,000 च्या वर दंड लावता येत नव्हता. शिक्षेत दंडच नसेल, तर मात्र वेगळी भरपाई देता येते आणि तिला वरची मर्यादा नाही. (1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत हे कलम 395 आहे आणि दंडाची मर्यादा 50,000 झाली आहे. नंतर घर फुटणारे नशीबवान, असं म्हणायचं का?)

दुसरं म्हणजे, मागितल्याशिवाय हा विषय निघेलच असं नाही. भरपाई द्यायची की नाही याचा कोर्टानं विचार केलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलंय. तरी आपण कागद ठेवलेला बरा. फिर्यादीच्या खासगी वकिलाला सहसा खटला चालवता येत नाही, पण पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देता येतो. आम्ही तो दिला. पावत्या, लग्नातले फोटो, दरवाजाच्या सुताराचं बिल, सगळं जोडून.

त्याआधी माझी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी लगडीचा तुकडा माझ्यापुढं धरला. "हे सोनं तुमच्या आईच्या पाटल्यांचंच आहे, असं सांगू शकता?"

"नाही."

"मोठ्यानं बोला."

"नाही सांगू शकत."

घाम फुटला मला. वाटलं, गेलं सगळं. बाहेर आल्यावर पैरवीचे (कोर्टातलं पोलिसांचं काम बघणारे) हवालदार म्हणाले, "खरं बोललासा ते बरं केलंसा. आरसा आहे की आपला."

आणि आरशावरचा ठसाच शेवटी कामी आला. डिसेंबर 2024 मध्ये निकाल लागला. दोघांना दोन-दोन वर्षं आणि प्रत्येकी 10,000 दंड. दंड वसूल झाल्यावर त्यातले 18,000 मला. वेगळ्या भरपाईची मागणी मान्य झाली नाही.

"वसूल झाल्यावर" हे शब्द मी तेव्हा नीट ऐकलेच नाहीत. एकानं दंड भरला. दुसऱ्यानं दंडाऐवजी जादा कैद भोगली. अशी कैद भोगली तरी, दंडातून भरपाईचा आदेश असेल तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं. आम्ही अर्ज केला. ते वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खाली तलाठ्यापर्यंत गेलं आणि उत्तर आलं: आरोपीच्या नावे जमीन नाही, घर नाही.

अपिलाची 30 दिवसांची मुदत संपल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. ती संपल्यावर कोर्टाच्या पैशांचा हिशेब बघणाऱ्या नाझर विभागात अर्ज, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. खात्यात जमा झाले 10,000.

अंतिम आदेशानं बंधपत्रही सुटलं. मित्राला पहिला फोन केला. मग आईला घेऊन सराफ कट्ट्यावर गेलो, लगड आटवून एक साधी पाटली करायची म्हणून. सराफानं तापवली, गाळली, काट्यावर ठेवली. 26.400.

आई काट्याकडं बघतच राहिली. "आणि बाकीचं?"

"घट, आजी," सराफ म्हणाला.