जिम्नीचं ईएसपी ताशी ३० किमीच्या पुढेही बंद ठेवायचं काम: आतापर्यंतची नोंद

गाडी: पाच दरवाज्यांची जिम्नी, के१५बी इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल, टायर कंपनीचेच १९५/८० आर१५. हवंय ते असं: ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद, हाय रेंज) वाळूत किंवा चिखलात ईएसपीने (गाडीचं घसरणं रोखणारी यंत्रणा) थ्रॉटल कापू नये, पण एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) शाबूत राहावेत. बहुतेक सोपे उपाय या दुसऱ्या अटीवर आपटतात, त्यामुळे आधी बाद झालेले मार्ग लिहितो.

डॅशवरचं बटण दाबून धरलं की ईएसपी ऑफचा दिवा लागतो. पण २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणि ४एचमध्ये वेग ताशी ३० किमीच्या पुढे गेला की यंत्रणा आपणहून परत चालू होते. डांबरी रस्त्यावर ते योग्यच आहे. जैसलमेरच्या वाळूत मात्र टेकाड चढायला गती लागते ती नेमकी त्याच्या वरची. चाकं जागीच फिरली की ईसीयू (गाडीचा संगणक) थ्रॉटल कापतो, गती मरते आणि गाडी पोटावर बसते. तिरकं उतरताना उलटं स्टिअरिंग दिलं तर यंत्रणा ते घसरणं समजून एकेका चाकाला ब्रेक लावते. (हे सगळं परवानगी असलेल्या जागेपुरतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घातली तर गुन्हा दाखल होतो.)

वायर कापण्याआधी ४एल (चारही चाकांना ताकद, लो रेंज) नीट वापरून बघा, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. ४एलमध्ये ईएसपी मुळातच बंद असतं. थ्रॉटल कापला जात नाही, आणि फिरत्या चाकाला ब्रेक लावून पलीकडच्या बाजूच्या चाकाकडे ताकद पाठवणारं ब्रेक एलएसडी तेवढं काम करत राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर१४० नियमानुसार दर इग्निशनला ईएसपी पुन्हा चालू झालंच पाहिजे, पण पुढचा-मागचा अ‍ॅक्सल जोडलेल्या लो-रेंजला त्यातून सूट आहे. आणि जिम्नीचं लो फार लो नाही: गुणोत्तर २.००२. फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं) गुणोत्तर ४.०९० धरून हिशोब करा. टायरचा घेर साधारण २.१८ मीटर. ४००० आरपीएमला ४एलमध्ये तिसऱ्यात ३८, चौथ्यात ५४ आणि पाचव्यात ६४ किमी वेग मिळतो. दुसऱ्यात उठून लगेच तिसरा-चौथा टाकला तर बरीचशी टेकाडं एवढ्यात निघतात. अडचण उरते ती लांब, सपाट, मऊ पट्ट्यावर. तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमवर ओरडत राहतं आणि गिअर बदलायला घेतलेल्या क्षणात गती जाते. पुढचा सगळा खटाटोप त्या पट्ट्यासाठी.

एबीएसचा फ्यूज काढणे: बाद. युनिटचे इनलेट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडे असतात, त्यामुळे साधे ब्रेक लागतात. पण ईबीडी त्याच युनिटमध्ये बसतं. मागच्या ब्रेकचा दाब तेच आवरतं. अशा गाड्यांत त्यासाठी वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह सहसा नसतो. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट फिरते. हँडब्रेक सोडलेला असताना पिवळा एबीएस दिवा आणि लाल ब्रेक दिवा एकत्र दिसले तर ईबीडी गेलं असं समजा आणि गाडी हळू परत न्या.

चाकाचा स्पीड सेन्सर काढणे: हेही बाद, कारण एबीएस जातं. शिवाय तो कनेक्टर चिखलात उघडा पडतो. स्टिअरिंग अँगल सेन्सरच्या वाटेला तर जाऊच नका. त्याच्या शेजारी एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) असते.

यॉ (गाडी किती झपाट्याने वळते ते मोजणारा) आणि जी (वेगातला बदल मोजणारा) सेन्सर, यांची वीज तोडणे: इतर गाड्यांवर लोकप्रिय उपाय, आणि वरवर पाहता अगदी स्वच्छ. ईएसपी जातं, एबीएस राहिल्यासारखं वाटतं. पण पार्ट-टाइम ४डब्ल्यूडीत पुढची आणि मागची चाकांची जोडी एकमेकींना जखडलेली असते. निसरड्यावर चारही चाकं एकदम मंदावतात आणि खरा वेग किती हे चाकांवरून कळत नाही. ते ओळखायला एबीएसला पुढे-मागे मोजणारा जी सेन्सर लागतो. म्हणजे ज्या ४एचसाठी एवढं करायचं, त्यातच एबीएस आंधळं होतं. हिल होल्डही जातं, कारण चढ किती हे तोच सेन्सर सांगतो. काही गाड्यांत हा सेन्सर एअरबॅगच्या युनिटमध्येच असतो, तेव्हा तर विषयच संपला.

मग राहिला एकच मार्ग: ४एलचा संकेत. ट्रान्सफर केसचा (२एच, ४एच, ४एल बदलणारी गिअरपेटी) लिव्हर यांत्रिक आहे, त्यामुळे आपण लोमध्ये आहोत हे गाडीला कळतं ते केसवरच्या स्विचमधून. तोच संकेत ४एचमध्ये दिला की ईएसपी ४एलसारखं गप्प बसतं. सगळे सेन्सर जागच्या जागी राहतात, म्हणून एबीएस आणि ईबीडीला धक्का लागू नये.

वायरचा रंग विचारू नका. आपल्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा आणि मग मल्टिमीटर लावा. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून लिव्हर ४एच आणि ४एलमध्ये असताना त्या वायरवरचा व्होल्टेज लिहून घ्या. ४एलमध्ये वायर ग्राउंड होत असेल तर रिलेचा कॉन्टॅक्ट स्विचला समांतर, ग्राउंडकडे. ४एलमध्ये स्विच उघडत असेल तर ओळीत, नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट. स्विच १२ व्होल्ट पाठवत असेल तर फ्यूजमधून तेवढेच १२ व्होल्ट समांतर. जोड केबिनमध्येच घ्या, केसजवळ नको. वायर ०.५ चौ. मिमी, क्रिंप करून वर हीट श्रिंक. चिमटा मारून बसवायचे टॅप वापरू नका, वाळवंटाच्या थरथरीत ते हमखास सैल होतात. कॅनच्या (गाडीतले मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या डेटा लाइनच्या) पिळलेल्या जोडीला हात लावायचा नाही.

रिले १२ व्होल्टचा, दोन पोलचा, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा घ्या. या वायरीतून जेमतेम काही मिलीअँपिअर वाहतात. हेडलाइटच्या रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्ट एवढ्या कमी करंटला स्वतःवरचा थर जाळू शकत नाहीत, आणि काही महिन्यांनी संकेत लुकलुकायला लागतो. एक पोल संकेतासाठी, दुसरा कॉइल धरून ठेवायला. इग्निशनच्या लाइनवरून १ अँपिअरचा फ्यूज, मग बंद करायचं पुश-टु-ब्रेक बटण, मग चालू करायचं पुश-टु-मेक बटण, मग कॉइल. दुसरा पोल पुश-टु-मेक बटणाला समांतर. कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टी पॉझिटिव्हकडे. चावी काढली की रिले सुटतो आणि पुढच्या वेळी गाडी ईएसपी चालू ठेवूनच निघते. फ्यूज उडाला, वायर तुटली तरी तेच. साधा टॉगल स्विच लावू नका. तो चालू राहून गेला तर घाटात, पावसात, दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असताना कळणारही नाही.

रिले ओढला की ४एलमध्ये डॅशवर लागतात तेच दिवे लागायला हवेत, म्हणजे वेगळा इंडिकेटर नको. चाचणी बंद मैदानात, कच्च्या मातीवर: ४एच, ४० किमी, पूर्ण ब्रेक. पेडल थरथरलं पाहिजे आणि खाली उतरून पाहिलं तर चाकाची ओढलेली सलग रेघ दिसता कामा नये, तुटक ठसे हवेत. मग स्कॅनर लावून एबीएस आणि इंजिन, दोन्ही मॉड्यूलचे कोड वाचा. गाडी लोमध्ये आहे असं ईसीयूला सांगितलं आहे आणि चाकांचा वेग हायचा आहे, त्यामुळे ही विसंगती कोड म्हणून येते का, हे दर फेरीनंतर बघायचं. ऑटोमॅटिकवर हे सर्किट लावू नका: तिथे शिफ्टचा हिशोबही रेंजवर चालतो.

बदल करण्याआधी वॉरंटी आणि विम्याच्या अटी वाचून घ्या.

बाकी राहिलेलं काम इंटरलॉकचं. लिव्हर २एचमध्ये असताना हा संकेत जाताच कामा नये, म्हणून कॉइल ४डब्ल्यूडी स्विचवर अवलंबून ठेवायची आहे. पण कॉइलचा करंट थेट त्या वायरीतून नेला तर ईसीयूला मिळणारा व्होल्टेज ढळतो, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर बसवायचा. त्यासाठी त्या वायरीचं दोन्ही स्थितींतलं मोजमाप आधी, सोल्डरिंग नंतर.