उंट हरतात, पाठलाग जिंकतो

आज दुपारी भाच्याला घेऊन सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' ('सोन्याचा किल्ला', १९७४) हा बंगाली रहस्यपट पाहिला. पोरगं सबटायटल वाचत शेवटपर्यंत जागचं हललं नाही, हेच विशेष!

गंमत अशी की कादंबरीही रायांचीच, आणि तिथे खलनायक कोण हे त्यांनी गुलदस्त्यात ठेवलं होतं. पडद्यावर मात्र ते गुपित लवकरच फोडून टाकतात. कथेतल्या लहान मुलासोबत निघालेल्या डॉक्टरांना डोंगरावरून ढकललेलं आपण डोळ्यांनी बघतो. मग फेलूदा, म्हणजे रायांचा गुप्तहेर नायक, ढकलणाऱ्या त्याच भामट्याशी निवांत गप्पा मारतो आणि इथे आपला जीव खालीवर. 'कोण?' यापेक्षा 'ह्याला कधी कळणार?' हा प्रश्न जास्त वेळ खुर्चीला बांधून ठेवतो, असं माझं ठाम मत.

आणि तो उंटांचा प्रसंग! मोटार पंक्चर, समोरून रेल्वे येतेय, ती गाठायला मंडळी उंटांवर. बिचारे जटायू, फेलूदाचे लेखक सोबती, जीव मुठीत धरून बसलेत. रुमाल हलवून हलवून हात दुखले असतील, पण गाडी थांबत नाही. धडधडत निघून जाते. पुढे काय? रात्री एका आडगावच्या स्टेशनवर नुसतं वाट बघणं आणि लोकगीत. हल्लीच्या दिग्दर्शकाने तिथे दोन स्फोट तरी घातलेच असते. इथे मात्र आपण जरा सैलावतो, आणि पुढे गाडीच्या डब्यात कोण चढतं ते बघून पुन्हा सावरून बसतो.

किल्ल्यातला शेवट तेवढा घाईत उरकल्यासारखा वाटला मला. बंगाली मित्रांनी भांडायला जरूर यावं, चहा माझ्याकडून.